बर्था मावशीचा दीड टन

मी एसी दुरुस्त करतो. बावीस वर्षं झाली. वसई-विरारमधल्या बऱ्याच एसींची पोटं मी उघडून पाहिली आहेत, आणि त्या जोरावर सांगतो की लोकांना एसीतलं काही कळत नाही, पण कळतं याची खात्री मात्र पक्की असते. खोली थंड होईना की पहिलं वाक्य ठरलेलं: "गॅस संपला असेल." अहो, तो काय स्वयंपाकाचा गॅस आहे, रोज जळून संपायला? फिल्टरची जाळी काढून दाखवावी तर तिच्यावर धुळीची गोधडी तयार झालेली असते. ही शेवटची कधी धुतली, असं विचारलं की नवरा बायकोकडे बघतो आणि बायको छताकडे. बोळिंजला माझ्याच कॉम्प्लेक्समध्ये राहणाऱ्या एका बँक मॅनेजरने मला विचारलं होतं, "धुवायची असते?" त्याचा एसी सहा वर्षांचा होता.

पण जाळी बघून मला घर कळतं, हे मी अभिमानाने सांगत आलोय. अगरबत्तीचं घर वेगळं, टाल्कम पावडरचं वेगळं. कुत्रा नाही म्हणणाऱ्यांच्या जाळीतून मी कुत्रा काढून दाखवलाय. आत्माराम शेडगेला फसवणं सोपं नाही, असं मी स्वतःच लोकांना सांगायचो. आता जरा कमी सांगतो, त्याला कारण पाचूबंदरची बर्था मावशी.

मावशी सदुसष्ट वर्षांची. किल्ल्याला वळसा घालून जेट्टीकडे उतरताना डाव्या हाताच्या गल्लीत तिचं घर. नवरा गेला तेव्हा बोट विकली, पण मासळी सुटली नाही. लिलावात ओले बोंबील घ्यायचे, वाळूत बांबूची वलांडी उभी करून तिच्या दोऱ्यांवर ते सुकवायचे आणि बाजारात न्यायचे. चाळीस वर्षं हेच. अंगाने सुकटाएवढी, पण आवाज असा की लिलावात ती बोली लावायला लागली की बाकीच्या बायका पान खायला मोकळ्या.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ती भर उन्हात वलांडीखाली चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, ऊन बंद. तिचा एकुलता एक मुलगा मेलरॉय मस्कतच्या बंदरावर कामाला आहे. तो पंधरा दिवसांत धावत आला. त्याने वलांडी स्वतःच्या हाताने मोडली, बांबू वाटून टाकले आणि आईच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवून घेतला. बसवला मीच. महागातला होता, वायफायवाला. म्हणजे मावशीने इथे बटण दाबलं की तिकडे मस्कतला मेलरॉयच्या मोबाईलमध्ये दिसणार: चालू आहे, इतके तास चालला, इतक्यावर ठेवलाय.

जाताना त्याने आईला माझ्यादेखत बजावलं. बोळिंजला सातव्या मजल्यावर त्याने एक फ्लॅट घेऊन ठेवला होता. "आई, ज्या दिवशी मला कळेल की तू परत बोंबलाला हात लावलास, त्या दिवशी या घराला कुलूप. तुला फ्लॅटमध्ये नेऊन ठेवीन." मावशी काही बोलली नाही. पाचूबंदरची बाई गप्प बसली याचा अर्थ तिला पटलं असा मी काढला. बाहेरगावचा माणूस मी, साताऱ्याकडचा.

सात-आठ महिन्यांनी, डिसेंबरात, मेलरॉयचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "काका, मोबाईलवर फिल्टर साफ करा असं येतंय. आणि ऐका ना, आई रोज आठ-आठ तास एसीत असते. अठरावर. जन्मात पहिल्यांदा आराम करतेय ती."

मलाही बरं वाटलं. मी प्रेशर पंप स्कूटरला लावून पाचूबंदरला गेलो. मावशी घरात नव्हती, दार नुसतं लोटलेलं. खोलीत शिरलो आणि माझं डोकंच फिरलं. एसी अठरावर घरघरतोय आणि समोरची खिडकी सताड उघडी. पडदा बाहेर उडतोय. पलंगावरच्या गादीचं दुकानातलं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. मी जाळी काढली. धूळ, मिठाची खर, मांजराचे केस आणि मधूनमधून चकचकणारी बारीक खवलं. आराम करणाऱ्या म्हातारीच्या जाळीत खवलं कुठून आली?

आउटडोअर मशीन घराच्या मागे होतं, भिंत आणि कुंपण यांच्या सावलीतल्या बोळात. वासानेच मला रस्ता दाखवला. मशीनच्या पंख्यासमोर चार दोऱ्या ताणलेल्या, आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या लटकत होत्या. मशीनचा गरम वारा सुटला की सगळे एकदम हलत. समोर पाटावर मावशी बसली होती आणि टोपलीतून पुढच्या जोड्या लावत होती.

"मावशी, हे काय?"

"बोंबील," ती म्हणाली.

"ते दिसतंय. खोलीची खिडकी उघडी का?"

"लावली का खोली थंड व्हते. खोली थंड झाली का ह्या मशीन भायेर फुकायचा थांबते. मंग बोंबील सुकतील कसे?"

आयटीआयमध्ये मला दोन वर्षं घासून जे शिकवलं, ते या बाईने पाटावर बसून एकटीने शोधून काढलं होतं. एसी थंडी बनवत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आत जितकी उष्णता मिळेल तितका तो बाहेर फेकत राहतो. मावशीने खिडकी उघडून त्याला अख्ख्या अरबी समुद्राची उष्णता देऊन ठेवली होती.

"हे मशीन विजेवर चालतं, मावशी. जेवढं बिल येत असेल तेवढ्यात दुप्पट सुके बोंबील विकत मिळतील."

"बिल मेलरॉय भरते. बोंबील मी करते." मग तिने टोपलीवरचा हात थांबवला. "नि बग मेस्त्री, इथं पानी पडत नाय, ढग येत नाय, घार झडप घालत नाय. वारा कसा कोरडा हाय. आमच्या बापजाद्याला असा वारा गावला नाय. मना उनात जायची गरजच नाय."

"मेलरॉयला माहीत आहे?"

आवाज उतरवून तिला बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "त्याला सांगू नको. तो मना सातव्या माल्यावर नेऊन ठेवील. तिथं मी काय करू? खाली बगू? मी तिथं जगायची नाय, मेस्त्री. खरा सांगते."

मी तत्त्वाचा माणूस आहे. गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही. गल्लीच्या तोंडाशी येऊन मी मेलरॉयला फोन लावला आणि म्हणालो, "फिल्टर बराच भरला होता. साहजिक आहे, तुमची आई फार वापरते."

एकदा तोंड विटाळलं की पुढचं सोपं जातं. दर महिन्याला मी जाऊ लागलो आणि दर महिन्याला मेलरॉयला अहवाल देऊ लागलो. त्यात माझी कारागिरीही दिसू लागली. "उशाकडच्या बाजूला धूळ जास्त होती, म्हणजे दुपारी झोपत असणार." "मधोमध केस अडकले होते, पंख्याखाली बसून विंचरत असेल." मेलरॉय तिकडे ऐकून घ्यायचा आणि "थँक्यू काका" म्हणायचा. जुलैत तर मला जायलाही जमलं नाही, नालासोपाऱ्याच्या एका सोसायटीत अडकलो होतो. घरबसल्या सांगून टाकलं: "या वेळी जाळी काळीकुट्ट निघाली."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हाताला सवय वाईट. मशीन जमिनीलगत असल्याने वरच्या बोंबलांना वारा पोचत नव्हता, ते बघवेना. मी स्टँड फूटभर उंच करून दिला. मांजरांसाठी जाळीचं दार केलं. पंख्याचा झोत फाकू नये म्हणून दोन बाजूंना पत्रे उभे केले. मावशी बघत बसायची आणि शेवटी एकच शब्द बोलायची, "ब्येस." एवढ्या वर्षांत एवढी कदर माझी कोणी केली नव्हती. बोळिंजमधले लोक तर काम झाल्यावर एसी लावून बघतात, आणखी काही बिघडवलं तर नाही ना म्हणून.

शेजाऱ्यांना अर्थात सगळं ठाऊक होतं. पाचूबंदरात कोणाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्यांना ठाऊक असतं. कोणाला सांगायचं नाही, तेही ठाऊक असतं.

फक्त रविवारी मावशी एसीचा गारवा खायची, तोही तासभर. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून आली की खिडकी लावायची, मेलरॉयचा जुना स्वेटर चढवायची आणि गादीच्या प्लास्टिकवर ताठ बसून व्हिडिओ कॉलची वाट बघायची. एकदा मी तिथेच होतो. "लय बरा वाटते रे, बाबा," ती त्याला सांगत होती आणि दातावर दात वाजत होते. कॉल संपला तशी ती उठली, एसी बंद केला आणि ओट्यावर उन्हाच्या तिरपेत जाऊन हात चोळत बसली.

असं दीड वर्ष छान चाललं. मग नोव्हेंबरात, बोंबील जोरात आणि आभाळ भरलेलं अशा नेमक्या आठवड्यात, मशीन मेलं. जाऊन पाहिलं तर खाऱ्या हवेने कॉईल सडून हातात आली. दुरुस्त होण्यासारखं काही उरलं नव्हतं. मावशीच्या तीन दोऱ्या ओल्याच होत्या आणि बोळात वास सुटला होता. ती माशा वारत बसली होती. "मेलरॉयला बंद दिसेल," एवढंच ती म्हणाली. बोंबलांचं तिला काही वाटत नव्हतं असं नाही, पण भीती वेगळीच होती. मी म्हटलं, घाबरू नका, त्याला काहीतरी सांगतो. सांगण्यात मी आता वाकबगार झालो होतो.

चौथ्या दिवशी सकाळी मावशी जेट्टीवर गेली असताना मी बोळात बसून जुनं मशीन खोलत होतो. मागे पावलं वाजली. वळून पाहिलं तर मेलरॉय. हातात बॅग, दाढी वाढलेली. विमानतळावरून तडक आलेला.

तो दोऱ्यांकडे बघत होता. मी उठलो आणि म्हणालो, "शेजारणीचे आहेत. तिच्याकडे जागा नाही म्हणून."

"काका, बसा," तो म्हणाला.

मी बसलो. तोही बॅग ठेवून आईच्या पाटावर बसला. "चार दिवस मशीन बंद दिसलं. आईला फोन केला तर म्हणते मी बरी आहे. पण ती वलांडीखाली पडली होती ना, त्या संध्याकाळीसुद्धा फोनवर बरीच होती. मला राहवलं नाही. निघालो."

"बरी आहे हो. लिलावाला..." मी जीभ चावली. "मिस्साला गेलीय."

त्याने मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. दीड वर्षाचे निळे खांब, दिवसागणिक एक. "हे बघा. सकाळी नऊला चालू, पाचला बंद. रात्री एकदाही नाही, मे महिन्यातसुद्धा नाही. रविवारी फक्त एक तास, माझा फोन असतो तेव्हा. गुड फ्रायडेला बंद. आणि हे जून-जुलै. मासेमारी बंदीचे दोन महिने. रविवारचा तास सोडला तर एक मिनिट चाललेला नाही. तुम्हीच सांगा, काका, उकाडा काय सरकारी बंदी बघून थांबतो? असा एसी कोण वापरतं?"

मी मशीनचा एक सुटलेला स्क्रू उचलून डबीत टाकला.

"पहिल्या दोन महिन्यांतच कळलं मला. मीही इथलाच आहे." मग तो हसला, पहिल्यांदाच. "आणि जुलैत तुम्ही म्हणालात, जाळी काळीकुट्ट निघाली."

बावीस वर्षं मी लोकांच्या जाळ्या वाचत होतो, आणि हा पोरगा मस्कतला बसून मलाच वाचत होता. मला इतकी लाज वाटली की मी हातातला पाना नुसताच फिरवत राहिलो. शेवटी विचारलं, "मग नेणार तिला? बोळिंजला?"

"फ्लॅट मी भाड्याने दिलाय. वर्ष झालं."

"मग तिला सांगा ना. बिचारी धास्तावून असते."

"नका सांगू," तो पटकन म्हणाला. "तिला धाक आहे म्हणून ती इथे सावलीत लपून बसते. धाक गेला की दुसऱ्या दिवशी वाळूवर वलांडी उभी करील, भर उन्हात. ओळखतो मी तिला." मोबाईल त्याने खिशात ठेवला. "मी तिकडे सकाळी आधी हे बघतो. चालू दिसलं की कळतं, आई उठली, लिलावाला जाऊन आली, कामाला बसली. मग मी माझं काम सुरू करतो. ती आराम करतेय असं मला खरंच दिसलं असतं ना, काका, तर मी पहिल्याच आठवड्यात आलो असतो."

गल्लीच्या तोंडाशी मावशीचा आवाज आला, कोणाशी तरी भांडत येत होती. मेलरॉय उठला. "तुम्ही मला पाहिलं नाही," म्हणाला आणि बॅग घेऊन कुंपणावरून पलीकडे गेला. मी मावशीला सांगितलं की मेलरॉय विमानतळावर उतरलाय, त्याचा फोन आला होता. पुढच्या तासाभरात त्या बाईने जे केलं ते अग्निशमन दलाला जमलं नसतं. दोऱ्या उतरल्या, टोपल्या शेजारी गेल्या, बोळात फिनेल पडलं. माझे पत्रे आणि जाळीचं दार मी उपटलं. तो तासभर तिचा मुलगा जेट्टीवर बॅगेवर बसून होता, आईला वेळ मिळावा म्हणून. मग समोरच्या दाराने हाका मारत आला. घरात शिरल्यावर त्याने खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "काय स्वच्छ वास येतोय, आई."

नवीन मशीन दोन दिवसांत बसलं. आउटडोअर कुठे लावू, असं मी विचारलं तेव्हा मेलरॉय आईसमोर म्हणाला, "कुठेही लावा," आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "होता तिथेच, पण अजून थोडा वर. आणि ते पत्रे मी गेल्यावर परत लावा." त्याच्या तीन आठवड्यांच्या सुट्टीत मावशीने खरोखरच एसी खाल्ला. दिवसभर स्वेटर घालून खोलीत पडून राहिली, सर्दी झाली, कामाविना चिडचिडी झाली. मेलरॉय ओट्यावर चटई टाकून झोपायचा. तो जाताना ती रडली, आणि त्याची रिक्षा वळली तशी टोपली घेऊन लिलावाला निघाली. मला वाटेत थांबवून तिने विचारलं, "त्याला काय कळला नाय ना?"

"काही नाही," मी म्हणालो.

आता खोटं बोलायला मला दोन-दोन माणसं होती. तिच्याशी त्याच्या वतीने आणि त्याच्याशी... त्याच्याशी तर बोलायला काही उरलंच नव्हतं. तरी त्याने माझे अहवाल बंद केले नाहीत. "काका, जाळी काय म्हणते?" असं तो दर महिन्याला विचारायचा आणि मी सवयीने सांगायचो, "आराम करतेय."

फेब्रुवारीत एका बुधवारी साडेनऊला त्याचा फोन आला. "काका, मशीन दिसत नाहीये. नुसतं ऑफलाईन. आई फोन उचलत नाही."

"वीज गेली असेल."

"हो. तसंच असेल," तो म्हणाला.

वीज गेली असणार हे त्याला कळत होतं आणि मलाही. आठवड्यातून दोनदा जाते. तरी मी अर्धवट खोललेला एसी तसाच टाकला, त्या घरच्या बाईंनी मागून काय काय ऐकवलं ते ऐकलं नाही, आणि बोळिंजहून पाचूबंदरपर्यंत स्कूटर अशी मारली की दोनदा पडता पडता वाचलो. वाटेत मी देवाला सांगत होतो की फक्त वीज गेलेली असू दे. माझी स्वतःची आई गेली तेव्हा मी कोणाच्या तरी घरी ब्लोअर धूत होतो आणि फोन स्कूटरच्या डिकीत राहिला होता. ते मी कोणाला सांगत नाही.

बोळात शिरलो तर मशीन थांबलेलं, बोंबील निश्चल लटकलेले, आणि मावशी पाटावर बसून पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत होती. फोन बाजूला, बॅटरी संपलेला.

"लाईट गेले," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून, "तुना काय झाला रं? धापा कनाला टाकतोस?"

"काही नाही. जाळी धुवायला आलो."

"सोमवारी त धुतलीस."

"परत धुतो," मी म्हणालो. खोलीत गेलो, जाळी काढली, ती स्वच्छच होती, आणि मोरीत बसून मी ती चोळचोळून धुतली. मग मागच्या बाजूला येऊन मेलरॉयला फोन लावला. तोंडावर नेहमीचं वाक्य आलं होतं. पण समोर ती पुठ्ठा हलवत बसली होती, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला खरं ते सांगितलं.

"आई आराम करत नाहीये, मेलरॉय. बोंबील सुकवत बसलीय."

तो म्हणाला, "मग मी कामाला जातो, काका."